समुद्राने किती गिळायचे?

समुद्र येडशीपासून शेकडो मैल दूर, त्याची उठाठेव आम्ही कशाला करायची, असे म्हणणाऱ्यांची अक्कल एकदा तपासलीच पाहिजे! बालाघाटाच्या काळ्या पाषाणावर पडणारा पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडक झिजवतो. तो वायू बायकार्बोनेट होऊन तेरखेड्याजवळ उगम पावणाऱ्या तेरणेत उतरतो आणि मांजरा, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळतो. येडशीच्या रामलिंगाच्या डोंगराचा समुद्राशी हा व्यवहार माणूस जन्मण्याआधीपासून चालू आहे. पण त्याची चाल लाखो वर्षांची! घाट चढणारे ट्रक आणि परळीच्या वीजकेंद्राचे कोळशावरचे संच तेवढे थांबतात थोडेच?

माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. कसा, ते पाहायचे असेल तर चुन्याच्या निवळीत नळीने फुंका. निवळी दुधाळ होते. वर्गातला प्रयोग बहुधा इथेच आटोपतो. आटोपू नका, फुंकत राहा! दुधाळपणा नाहीसा होतो, कारण साका झालेले कार्बोनेट विरघळून बायकार्बोनेट बनते. समुद्रातही आलेला वायू पाण्यातल्या कार्बोनेटशी मिळून बायकार्बोनेटच होतो. तिथल्या विरघळलेल्या अजैविक कार्बनपैकी जवळजवळ 90 टक्के याच रूपात आहे. मात्र या कामी कार्बोनेट खर्ची पडते. ते घटले की नवा वायू सामावण्याची ताकद घटते आणि शिंपल्या-पोवळ्यांना कवच बांधायला माल पुरत नाही. औद्योगिक क्रांतीपासून सागरपृष्ठाची आम्लता सुमारे 30 टक्क्यांनी वाढली आहे. त्यात तापलेले पाणी वायू कमीच धरते. गरम सोड्याची बाटली फोडणाऱ्या पोरालाही हे कळते, धोरणे आखणाऱ्यांना कळत नाही!

कोणी म्हणेल, आपला अरबी समुद्र आहे ना? गोव्यात दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकातच मोजून दाखवले की, खोलातले कार्बनभरले पाणी वर येत असल्याने मध्य आणि पूर्व अरबी समुद्र वर्षाच्या हिशेबात हा वायू घेण्यापेक्षा सोडतोच जास्त. घ्या भरवसा!

येडशीकरांनो, 1997 साली रामलिंग घाटाला अभयारण्याची पाटी लागली, तेवढ्यावर पुण्य पदरात पडत नाही. गावचे पथदिवे आणि पाण्याचे पंप सूर्यावर चालवा, आणि मते मागायला येणाऱ्याला दारातच विचारा: परळीचा कोळसा कधी बंद करणार, तारीख सांगा!