फुकट शाळेचं गावकूस

अमेरिकेहून सुट्टीला आलेला पांढरपेशा एक कीर्तन हमखास लावतो. तिकडं जात नाही. तिकडं सवलती नाहीत. तिकडं सरकारी शाळा फुकट आणि सगळ्यांना सारखी. पोर डॉक्टरचं असो की झाडूवाल्याचं, पिवळी बस येते, पुस्तकं शाळाच देते. एवढं झालं की कीर्तनाचा उत्तरार्ध आपल्यावर घसरतो. तिथं गुणवत्तेला किंमत आहे म्हणून तो देश पुढं गेला, आणि तुम्ही अजून राखीव जागांसाठी रडताय!

दोस्तहो, यातलं फीचं तेवढं खरं. सरकारी शाळेत फी नाही. बाकीच्या कीर्तनाची झडती घेऊ.

याच गृहस्थाला विचारा, तिकडं घर कुठं घेतलं आणि का घेतलं? तो हवा सांगणार नाही, पाणी सांगणार नाही. म्हणेल, "स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं आहे." मग विचारा, सगळ्या शाळा फुकट आणि सगळ्या सारख्या, तर एक डिस्ट्रिक्ट चांगलं आणि दुसरं वाईट कसं? इथं त्याचा घसा बसतो.

हे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. ते शाळांचं एक छोटं संस्थान. देशभरात अशी सुमारे १३ हजार संस्थानं आहेत. प्रत्येकाची हद्द ठरलेली, बहुतेकांचं मंडळ निवडून आलेलं, तिजोरी आपापली. ती तिजोरी मुख्यतः दोन नळांनी भरते. एक नळ राज्य सरकारचा, दुसरा हद्दीतल्या घरादुकानांवरच्या कराचा. आणि पोराला शाळा मिळते ती बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावर. घर रस्त्याच्या अलीकडं असेल तर एक शाळा, पलीकडं असेल तर दुसरी. म्हणजे फी शाळेच्या खिडकीवर भरायची नाही, घर घेतानाच भरून मोकळं व्हायचं. ज्याच्याकडे तेवढा पैसा नाही त्याला कुणी "येऊ नको" म्हणत नाही. त्याला फक्त तिथं राहता येत नाही. गावकूस यापेक्षा वेगळं काय असतं?

टेक्सासात डॅलस शहराच्या उत्तरेला फ्रिस्को नावाचं उपनगर आहे. २००० च्या जनगणनेत तिथं ३३,७१४ माणसं होती, २०२० ला २,००,५०९ झाली. वीस वर्षांत सहापट. डिस्ट्रिक्टच्या शाळांतली पोरं काही हजारांवरून साठ हजारांच्या वर गेली. २०१४ साली तिथल्या मतदारांनी एका दमात ७७ कोटी ५० लाख डॉलरचं कर्ज शाळांसाठी मंजूर केलं. फेडायचं कशातून? घरादुकानांवरच्या करातून. आपल्याकडचे सॉफ्टवेअरवाले तिथं मोठ्या संख्येनं राहतात. हनुमानाचं देऊळसुद्धा झालंय.

पोरं हुशार असतील, मास्तर मेहनती असतील, त्याबद्दल माझं भांडण नाही. पोरानं शिकावं म्हणून बापानं बिऱ्हाड हलवलं तर तो गुन्हा नाही. माझं भांडण त्या रहाटाशी आहे. शाळा चांगली म्हणून घर महाग. घर महाग म्हणून कर दांडगा. कर दांडगा म्हणून शाळा चांगली. रहाट फिरत राहतो आणि पाणी एकाच शेतात पडतं. त्या शेतात उभा राहून हा गृहस्थ आपल्याला सांगतो, बघा, माझं पीक कसं गुणवत्तेवर आलं!

आता कोरडं शेत बघा. त्याच टेक्सासात सॅन अँटोनिओ हे शहर आहे. शहर एक, डिस्ट्रिक्टं अनेक. त्यातलं एक एजवूड, मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची वस्ती, शंभरातली नव्वद पोरं त्यांची. दुसरं अलामो हाइट्स, गोऱ्या पैसेवाल्यांचं उपनगर. १९६८ च्या मे महिन्यात एजवूड हायस्कूलची चारशेच्या आसपास पोरं वर्ग सोडून बाहेर पडली. धड मास्तर द्या, धड इमारत द्या, एवढंच मागणं. त्या वस्तीतला डेमेट्रिओ रॉड्रिगेझ हा हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारा कामगार. हातावर पोट असलेला माणूस. इतर पालकांना घेऊन तो कोर्टात गेला.

त्या खटल्यातले १९६७-६८ चे आकडे पाठ करून ठेवा. एजवूडमध्ये एका पोरामागं करपात्र मालमत्ता होती ५,९६० डॉलरची, अलामो हाइट्समध्ये ४९ हजारांच्या वर. एजवूडचे गरीब लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर भरत होते. त्या सगळ्या महानगरात एवढा जड कर दुसरा नव्हता. अलामो हाइट्सवाले भरत होते ८५ सेंट. आता पदरात काय पडलं ते बघा. राज्याच्या योजनेत घालायचा वाटा वजा जाता, जड कर भरून एजवूडच्या पोरामागं वस्तीतून आले २६ डॉलर. हलका कर भरून पलीकडच्या पोरामागं आले ३३३. राज्याची आणि केंद्राची मदत धरली तरी इकडं ३५६, तिकडं ५९४.

'गरिबांना शिक्षणाची कदरच नाही' म्हणणाऱ्या तोंडावर हे आकडे मारा. कदर त्यांनाच जास्त होती. त्यांनी पोटाला चिमटा काढून जास्त टक्क्यानं कर भरला आणि तरी त्यांचीच शाळा गळत राहिली.

२१ मार्च १९७३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. पाच विरुद्ध चार. शिक्षण हा तिथल्या केंद्रीय राज्यघटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही, स्थानिक कारभार महत्त्वाचा, तेव्हा ही पद्धत चालू राहील. विरोधात लिहिणाऱ्यांत थर्गुड मार्शल होता. हाच काळा माणूस वकील म्हणून ब्राउन खटला लढला होता आणि १९५४ ला त्याच कोर्टानं गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. तो दरवाजा उघडल्यावर एकोणीस वर्षांत त्याच्या डोळ्यांदेखत भिंत बांधून झाली. दारावर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी लावायची नाही, एवढाच काय तो फरक.

पुढं टेक्सासच्याच राज्य सुप्रीम कोर्टानं १९८९ ला एजवूडच्या बाजूनं एकमतानं निकाल दिला. १९९३ ला श्रीमंत डिस्ट्रिक्टांचा थोडा पैसा गरिबांकडे वळवणारा कायदा झाला. त्याला नाव काय पडलं? 'रॉबिन हूड'. म्हणजे दरोडेखोर! पिढ्यान् पिढ्या एका बाजूला पाणी वळवलं तो स्थानिक कारभार, आणि त्यातली एक घागर परत मागितली की तो दरोडा. राखीव जागांवर बोटं मोडणाऱ्यांची भाषा आठवते का?

कुणी म्हणेल, हा पैशाचा प्रश्न झाला, यात वर्ण कुठं आला? तर मग ही उपनगरं वसली कशी ते बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहिलं, सतरा हजारांवर घरांचं. सुरुवातीच्या करारांत एक कलम होतं. गोऱ्यांखेरीज कुणालाही इथं राहू देणार नाही, मात्र नोकर म्हणून ठेवायला हरकत नाही. वाड्याच्या मागच्या दारानं आत घेतलेली आपली आजी आठवा. काम चालतं, माणूस चालत नाही. डेट्रॉइटला तर १९४१ साली एका बिल्डरनं काळ्यांची वस्ती आणि गोऱ्यांसाठीची नवी घरं यांच्यामध्ये खरोखरची काँक्रीटची भिंत घातली. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. शेजारी काळे आहेत म्हणून सरकारी गृहकर्ज खातं हमी देत नव्हतं. भिंत झाली आणि हमी मिळाली. त्या भिंतीचा भाग अजून उभा आहे.

त्याच डेट्रॉइटमध्ये पुढं गोरे शहर सोडून उपनगरांत गेले आणि शहराच्या शाळांत बहुतेक काळी पोरं उरली. खालच्या कोर्टानं सांगितलं, भोवतालची ५३ उपनगरी डिस्ट्रिक्टं धरून पोरांची सरमिसळ करा. २५ जुलै १९७४ ला सुप्रीम कोर्टानं ते मोडून काढलं. पुन्हा पाच विरुद्ध चार. उपनगरांनी भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा त्यांना यात ओढता येणार नाही. काय पण साळसूदपणा! ज्या हद्दीच्या आडोशाला गोरा जाऊन बसला, ती हद्दच त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा.

ही हद्द ओलांडली तर काय होतं? ओहायो राज्यात ॲक्रन शहरातल्या एका काळ्या आईनं आपल्या दोन मुलींना आजोबांच्या पत्त्यावर शेजारच्या उपनगरी शाळेत घातलं. डिस्ट्रिक्टनं मागावर खाजगी गुप्तहेर लावला. तीस हजार डॉलरच्या आसपास फी मागितली. फुकट शाळेची फी! जानेवारी २०११ मध्ये ती बाई दोषी ठरली आणि नऊ दिवस तुरुंगात राहिली. बोंबाबोंब झाल्यावर गव्हर्नरनं गुन्ह्याची पायरी खाली आणली. एकलव्याचा अंगठा मागणारे सगळीकडे आहेत. त्यांच्या हातात आता रहिवासाचा दाखला असतो.

मी गोदीत काम करतो. कंटेनर उतरला की त्याच्यावरचा नंबर वाचायचा आणि यार्डातल्या त्याच्या जागी लावायचा. आत सोनं आहे की भंगार, आम्ही बघत नाही. मालाला हे ठीक आहे. पाच वर्षांच्या पोराला नाही.

आता 'तिकडं जात नाही' या वाक्याकडे येऊ. २००५-०६ साली कॅलिफोर्नियात शाळेतल्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांवरून वाद पेटला. काही हिंदू संघटनांनी जातिव्यवस्थेबद्दलच्या मजकुरात फेरफार मागितले, दलित संघटना विरोधात उभ्या राहिल्या. जात नाही, तर पुस्तकातल्या जातीचा त्रास कुणाला झाला? फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहरानं जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसं विधेयक मंजूर केलं, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरनं अडवलं. जे नाही त्याच्याविरुद्ध कायदा नको म्हणून एवढी धावपळ कोण करतं? इथलं गावकूस डोक्यात घेऊन गेलेल्यांना तिथलं गावकूस आयतं मिळालं. त्यांना ते परकं वाटलंच नाही.

आणि इकडं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या पोरांना दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट. मुंबईत किलोमीटरभरात म्युनिसिपालटीची शाळा नाही अशी किती ठिकाणं सापडतील? म्हणजे तुमच्या पोरांनी तुमच्याच शाळेत राहायचं. जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. यावेळी गावकूस पडलं, कारण लोक कोर्टात गेले. पुन्हा घालणारे हात शाबूत आहेत.

शेवटचं आपल्यातल्यांना. आपलीही पोरं शिकली, काही तिकडं पोचली, काही इथंच टॉवरमध्ये गेली. जा, जरूर जा. चाळीत सडा असं कुणी म्हणत नाही. पण आत गेल्यावर 'इथं सगळं गुणवत्तेवर चालतं' हे कीर्तन तुम्हीही लावणार असाल, तर तुम्ही फक्त आतून कडी घालणारे झालात. आपल्याला आत जागा मिळाली म्हणून गावकूस पडत नाही.

१९७२ साली आपण 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्या पँथरांनी १९६९ मध्ये ओकलंडला शाळेत जाणाऱ्या भुकेल्या पोरांना सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवात केली. १९७३ ते १९८२ स्वतःची शाळा चालवली. नाव घेतलंत, आता हे कामही उचला. आपल्या वॉर्डातल्या म्युनिसिपालटीच्या शाळेत जा. मास्तर किती, रिकाम्या जागा किती, वर्ग कुठला बंद केला, कुणाच्या सांगण्यावरून केला, हे लिहून काढा. २५ टक्क्यांतली एकेक जागा कुणाला मिळाली ते विचारा. हिशेब भिंतीवर चिकटवा.

आणि पुढच्या वेळी कीर्तनकार आला की त्याला घराची किंमत विचारा.