घोषणा आणि गायन: अंतरवाली सराटीच्या निमित्ताने

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या ऑगस्टपर्यंत जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी तेथे उपोषण आरंभिले. १ सप्टेंबरला आंदोलकांवर पोलिसांनी लाठीमार केला. त्या संघर्षात आंदोलकांप्रमाणे पोलीसही जखमी झाले आणि गावाचे नाव देशभर पोहोचले. १४ ऑक्टोबरला तेथे विराट सभा भरली. पुढे जून २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्री येथे, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाला धक्का लागू नये या मागणीसाठी लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे उपोषणास बसले. ऑगस्ट २०२५ मध्ये अंतरवालीहून निघालेले आंदोलन मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचले आणि हैदराबाद गॅझेटसंबंधीच्या शासन निर्णयानंतर २ सप्टेंबरला जरांगे पाटील यांनी उपोषण सोडले.

आरक्षणाच्या प्रश्नाचा निवाडा या लेखातून करावा, असा आमचा हेतू नाही. तो न्यायालयांचा, विधिमंडळाचा आणि समाजधुरीणांचा विषय आहे. परंतु या दोन वर्षांतील बातम्या पाहताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. एरवी मुकाट्याने शेतात राबणारे, नोकरीच्या प्रतीक्षेत वय वाढलेले हजारो पुरुष एका सुरात बोलू लागले. शेजारशेजारच्या दोन गावांत दोन मंडप उभे राहिले आणि दोन्ही मंडपांतून घोषणा उठल्या. मात्र एका मंडपातील आवाज दुसऱ्या मंडपात ऐकला जाईल, अशी वाट फारशी उरली नाही. घोषणेला मोठा आवाज पुरतो. गायनाला मात्र कान लागतो, कारण शेजारचा काय गात आहे हे ऐकल्याखेरीज समूहगान होतच नाही.

या विचाराने आम्हांला एका वेगळ्याच विषयाकडे नेले. पाश्चात्त्य संगीतात पुरुषांच्या उंच आवाजास टेनर व खर्जातील आवाजास बेस म्हणतात. केवळ या आवाजांच्या गायकवृंदांची आणि त्यांच्या संचालकांची संमेलने अनेक देशांत भरतात. गायक तेथे एकत्र गातात. संचालक एकमेकांचे काम पाहतात, गीतांची देवाणघेवाण करतात आणि आवाज कसा जोपासावा याची चर्चा करतात. असे संमेलन आपल्या भागातील धर्मग्रामांनी भरवावे काय? आमच्या मते भरवावे, आणि त्याची कारणे केवळ संगीताची नाहीत.

प्रथम आपली स्थिती पाहू. रविवारच्या मिस्सेला गायकवृंदाच्या बाकांकडे दृष्टी टाकली, तर धर्मभगिनी, मुली आणि माता दिसतात. हार्मोनियम किंवा ढोलकीवर एखादा तरुण असतो. बाकीचे पुरुष मागच्या भिंतीला टेकून उभे असतात, आणि त्यांतील बहुतेकांचे ओठ मिटलेले असतात. एके काळी नियम याच्या उलट होता. संत पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी जे फर्मान काढले, त्यानुसार उपासनेतील गायकवृंद पुरुषांचाच असे व उंच स्वरांसाठी मुलगे घेतले जात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, ५ मार्च १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्राने स्त्रियांनाही गायकवृंदात रीतसर स्थान दिले. हे योग्यच झाले. आज आपली उपासना गाती राहिली आहे ती त्यांच्यामुळेच. मात्र स्त्रिया पुढे आल्या म्हणून पुरुषांनी गप्प व्हावे, असे त्या सूचनापत्रात कोठेही सांगितलेले नाही.

पुरुष गप्प का झाले, याचे एक कारण अगदी साधे, पट्टीचे आहे. स्त्रियांच्या आवाजाला साधारणतः काळी चार किंवा काळी पाच ही पट्टी मानवते, तर पुरुषांना काळी एक वा तिच्या आसपासची. गीत स्त्रियांच्या पट्टीत सुरू झाले की पुरुषांना वर पोहोचता येत नाही, आणि खालच्या सप्तकात उतरावे तर मंद्रातले स्वर घशात बुडतात. एकदोन ओळी प्रयत्न करून माणूस थांबतो आणि ‘आपल्याला गळा नाही’ अशी स्वतःची समजूत घालून घेतो. दुसरे कारण वयाचे आहे. बारा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. त्या काळात त्याला सांभाळून घेणारा, खालच्या स्वरांची ओळख करून देणारा कोणी नसेल, तर तो लाजून बाजूस होतो व पुन्हा परतत नाही.

तिसरे कारण अधिक दुःखद आहे. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावरच परततात. म्हणजे आगमनकाळ, नाताळ आणि पुष्कळदा प्रायश्चित्तकाळही ती कोयता व उसाच्या मोळ्यांच्या संगतीत जातो. ज्या सणांना गायकवृंदाची खरी गरज, त्याच सणांना गावातला तरुण गावात नसतो. एरवीही पाऊस हुकला की तो शहराकडे कामाला जातो. त्याच्या आयुष्यात समुदायाबरोबर आवाज उंचावण्याचे प्रसंग किती उरतात? मोर्चा, मिरवणूक, आणि क्वचित निवडणुकीची सभा.

आपल्या शेजारी मात्र पुरुषांच्या समूहगायनाची परंपरा जिवंत आहे. हाच गोदाकाठ संत एकनाथांच्या पैठणचा आणि समर्थ रामदासांच्या जांबचा. गावोगाव आजही हरिनाम सप्ताह होतात. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी ओळीने उभे राहतात, विणेकरी असतो, मृदंगी असतो. कीर्तनकाराने चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा. उंच पट्टीतही ते गातात, कारण लहानपणापासून त्यांच्या गळ्याला तशी सवय लागलेली असते. ध्यानात घेण्याजोगी बाब ही, की त्यांनी पुढाऱ्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि तेथे शिकलेले कीर्तनकार महाराष्ट्रभर पसरले. ख्रिस्ती भजन-कीर्तनाला आकार देताना रेव्ह. नारायण वामन टिळकांनीही याच देशी वळणाचा आधार घेतला होता. गोव्यातील धर्मग्राम-शाळांतून ‘मेस्त्रे’ मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत, आणि त्या एका माणसामुळे साऱ्या गावाचे चर्चसंगीत उभे राहत असे. वळणे दोन, बोध एकच: आधी शिकविणारा घडवावा लागतो. १९६७ चे सूचनापत्रही सांगते, की जेथे लहानसा गायकवृंदही शक्य नाही तेथे निदान एकदोन प्रशिक्षित गायक तरी असावेत.

पुरुषांच्या अशा संमेलनाने समाजात काय घडू शकते, याचे उदाहरण युरोपातील एस्टोनिया या चिमुकल्या देशाने घालून दिले आहे. तेथील शेतकरी पिढ्यानपिढ्या जमीनदारांचे भूदास होते. भूदासपद्धती संपल्याला पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने १८६९ मध्ये तार्तू या नगरीत पहिला गीतमहोत्सव भरला. त्यात केवळ पुरुषांचे गायकवृंद व वाद्यवृंद होते. सहभागी एकूण ८७८. स्त्रियांचे आवाज पुढील महोत्सवांत आले. ज्या भाषेला कनिष्ठ मानले जात होते, त्या भाषेत शेतकऱ्यांची मुले तेथे एकत्र गायिली. पुढे १९८८ मध्ये, सोव्हिएत राजवटीत, लाखो लोक पुन्हा गीतांसाठी जमले आणि १९९१ मध्ये त्यांनी गमावलेले स्वातंत्र्य परत मिळविले. केवळ गाण्याने हे झाले, असे कोणी म्हणणार नाही. तथापि एकमेकांचे ऐकून एकत्र उभे राहण्याची शिस्त त्यांना गायकवृंदांनी दिली होती.

काही वाचक आक्षेप घेतील, की गावात पाणी नाही, हाताला काम नाही, आणि संपादक गाण्याचे बोलतात. आक्षेप खरा आहे. गायनाने विहिरीला पाणी येत नाही आणि आरक्षणाचा तिढाही सुटत नाही. परंतु ज्या तरुणाचा आवाज केवळ संतापाच्या वेळीच मागितला जातो, त्याच्याजवळ इतर वेळी बोलायला काही उरत नाही. टेनरला बेस आपला शत्रू वाटत नाही. दोघांचे स्वर वेगळे राहतात म्हणूनच त्यांचा मेळ बसतो. हा अनुभव ज्याने देहाने घेतला आहे, तो समोरच्या मंडपातील माणसाकडे थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

म्हणून एक प्रस्ताव. कारखाने बंद झाल्यावर आणि मृगाची पेरणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात, जालना परिसरात दोन दिवसांचे संमेलन व्हावे. पहिला दिवस केवळ गायकवृंद चालविणाऱ्यांचा असावा: पट्टी कशी निवडावी, फुटत्या आवाजाच्या मुलाला कसे जपावे, एकाच गीताला खालचा दुसरा स्वर कसा जोडावा. धर्मग्रामांतील ज्या भगिनी आज हे काम करतात, त्यांनाच प्रथम बोलवावे. दुसऱ्या दिवशी पुरुषांनी व मुलांनी गावे. प्रारंभी चार स्वरांचा आग्रह नको. दोन पुरे आहेत. आणि आसपासच्या गावांतील भजनी मंडळांना पाहुणे म्हणून सन्मानाने बोलवावे. त्यात अंतरवालीचे असावे, वडीगोद्रीचेही असावे. त्यांनी त्यांचे गावे, आपण ऐकावे. मग आपण गावे.

२२ व २३ नोव्हेंबर २०२५ रोजी रोममध्ये गायकवृंदांची ज्युबिली साजरी झाली आणि ख्रिस्तराजाच्या सणाचे मिस्साबलिदान पोप लिओ चौदावे यांनी अर्पण केले. रोमला जाणे आपल्यापैकी कितीजणांना शक्य होते? जालन्याला येणे मात्र शक्य आहे. धर्मग्राम परिषदांनी आपल्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या दोघातिघांना या रविवारीच पुढे बोलवावे. हार्मोनियमवाल्याने त्या दिवशी एक गीत त्यांच्या पट्टीत सुरू करावे, एवढीच विनंती.