पी-व्हॅल्यूच्या आधीचा विचार

हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच दिलेली अ‍ॅस्पिरिन जीव वाचवते, हे १९८८ मध्ये ‘इसिस-२’ या चाचणीने १७,१८७ रुग्णांवर दाखवून दिले. निबंध छापताना वेगवेगळ्या उपगटांचे आकडेही द्या, असा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी रुग्णांची जन्मतारखेच्या राशींप्रमाणेही विभागणी केली. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना औषधाचा उपयोग तर नाहीच, उलट किंचित अपायच, असे त्यात दिसले. (कोणी पंचांग काढण्याआधी सांगायला हवे, हा खोडसाळपणा मुद्दाम केलेला होता.) माहितीचे पुरेसे तुकडे पाडले की योगायोगही शोधासारखा दिसू लागतो, हे त्यांना दाखवायचे होते.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत हा धडा नेमका राहून जातो. एमबीबीएसला कम्युनिटी मेडिसिनमध्ये मीन, मिडियन, काय-स्क्वेअर येतात, परीक्षेपुरते पाठ होतात. एमडी-एमएसला थिसिस सक्तीचा असतो. मग एक्सेलमध्ये वीस रकाने भरायचे आणि शेवटच्या वर्षी फाइल संख्याशास्त्रज्ञाकडे न्यायची: ‘सर, काही सिग्निफिकंट निघतंय का बघा.’ प्रत्यक्षात कशाचाच कशाशी संबंध नसला, तरी पी-व्हॅल्यूसाठी ०.०५ ची रेषा धरून वीस स्वतंत्र तुलना केल्या, तर निदान एक ‘सिग्निफिकंट’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणजे निघतेच काहीतरी. प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणे, असे स्वतः संख्याशास्त्रज्ञ असलेल्या रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये कोलकात्यातच बजावले होते.

यावर अभ्यासक्रमात आणखी तास घाला, असे सुचवले जाते. नुसत्या तासांनी भागेल असे वाटत नाही. १९७८ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांतील ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला गेला. हजारांत एकाला होणारा आजार, निरोगी माणसालाही पाच टक्के वेळा पॉझिटिव्ह ठरवणारी चाचणी. तर पॉझिटिव्ह आलेला माणूस खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? बरोबर उत्तर ११ जणांनी दिले; सर्वाधिक मिळालेले उत्तर होते ९५ टक्के. बॉस्टनमध्येच तसाच प्रश्न पुन्हा विचारून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही सुमारे तीन-चतुर्थांश चुकलेच. आता हाच प्रश्न माणसे मोजून मांडा. हजार जणांत एक आजारी, उरलेल्यांपैकी सुमारे पन्नास उगीचच पॉझिटिव्ह; म्हणजे एक्कावन्नांत एक, जेमतेम दोन टक्के. टक्केवारीऐवजी अशी डोकी मोजायला दिल्यावर अचूक उत्तरांचे प्रमाण १० वरून ४६ टक्क्यांवर गेले, असे जर्मन डॉक्टरांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. डॉक्टरांना गणित जमत नाही, ही तक्रार त्यामुळे अर्धीच खरी ठरते.

‘सॉफ्टवेअर असताना हे कशाला?’ हा आक्षेप दिसतो त्याहून कच्चा आहे. सॉफ्टवेअर सांगाल ती टेस्ट लावते, राशींवरही लावेल. कोणता फरक रुग्णाच्या उपयोगाचा आणि तो टिपायला किती रुग्ण लागतील, हे ठरवताना वॉर्डात काम करणारा डॉक्टरच लागतो. ओपीडी आणि नाइट ड्युटीतून वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न मात्र रास्त आहे. म्हणून वेगळा कोर्स नको. प्रोटोकॉल एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी प्रत्येकाने मुख्य प्रश्न एकच लिहावा आणि निकालाचे रिकामे तक्ते आखून संख्याशास्त्रज्ञासमोर ठेवावेत. शिकवणी तिथेच, स्वतःच्या विषयावर व्हावी.

सर्वांत अवघड आक्षेप निवासी डॉक्टरांचा आहे: परीक्षकांनाच ‘सिग्निफिकंट’ हवे असते. तसे असेल तर पहिली शिकवणी गाइड आणि परीक्षकांची घ्यावी लागेल, आणि पुरेसे रुग्ण घेऊन, नीट आखून ‘फरक आढळला नाही’ असे सांगणारा थिसिस पूर्ण गुणांनी पास करावा लागेल.