ओझें आपलें, रस्ता सर्वांचा

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा समरप्रसंग घडला. माडीवरचें आजोबांच्या वेळचें सागवानी कपाट खालीं माजघरांत आणावें असें ठरलें. आमचे वडील बंधु दादा यांनीं स्वतः फीत घेऊन कपाट मोजलें, माजघरांतील जागा मोजली आणि चार गड्यांना बोलाविलें. कपाट जिन्याच्या वळणापर्यंत सुखरूप आलें. पण तेथें जें अडकलें तें पुढेंही जाईना आणि मागेंही येईना. अखेरीस भिंतीचा हातभर गिलावा सोबत घेऊनच तें खालीं उतरलें. वहिनींनीं ही सारी धांदल शांतपणें पाहिली व एवढेंच विचारलें, "कपाट मोजलें, जागा मोजली, पण जिना कोणी मोजला होता का?" दादांपाशीं या प्रश्नाला उत्तर नव्हतें. आमच्यापाशींही नव्हतें, कारण जिन्याच्या तोंडाशीं उभे राहून सर्वांत मोठ्यानें सूचना देणारे आम्हीच होतों.

त्याच आठवड्यांत फ्रान्समध्यें शिकत असलेल्या आमच्या भाच्याचें लांबलचक पत्र आलें. तो दक्षिणेकडील एक्स-आं-प्रोव्हांस या शहरीं असतो. एके सायंकाळीं मित्राच्या मोटारींतून परत येत असतां समोरून एक लहान गाडी आली. तिच्या माथ्यावर पिवळ्या पाटीवर काळीं अक्षरें होतीं आणि नारिंगी दिवे फिरत होते. पाठोपाठ दोन मोटारसायकलस्वार आले व त्यांनीं हाताच्या खुणेनें यांची मोटार कडेला उभी करविली. मग एखादें घरच चालत यावें तसें एक धूड संथपणें समोरून आलें. "मामा, चाकें मोजावयास बसलों, पण चाळिसाच्या पुढें नाद सोडला," असें त्यानें लिहिलें आहे. गाडी शेजारून जातांना चालकानें हात वर करून यांचे आभार मानले. एवढें मोठें ओझें नेणारा मनुष्य थांबलेल्यांचे आभार मानतो, याची आमच्या भाच्यास मौज वाटली. आम्हांला मात्र आमचा जिना आठवला. म्हणून या खेपेस त्या मालमोटारवाल्यांचीच हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्रेंच भाषेंत अशा वाहतुकीस 'कॉंव्हॉय एक्सेप्स्योनेल' म्हणतात; आपण तिला 'असाधारण तांडा' म्हणूं. तेथें सामान्य मालमोटारीची रुंदी २.५५ मीटर, जोडगाडीची लांबी १६.५० मीटर आणि भरल्या गाडीचें वजन ४४ टन, याहून अधिक असतां कामा नये. पण विजेचा अजस्र ट्रान्स्फॉर्मर, पवनचक्कीचें पातें किंवा पुलाची तुळई यांचे तुकडे करून चालत नाहीं. असा जिन्नस न्यावयाचा तर सरकारी परवाना लागतो व त्याच्या तीन श्रेणी आहेत. पहिली २० मीटर लांबी, ३ मीटर रुंदी व ४८ टनांपर्यंत. दुसरी २५ मीटर, ४ मीटर व ७२ टनांपर्यंत. आणि त्यापुढील सर्व कांहीं तिसरींत. उंचीला मात्र सर्वसाधारण मर्यादा कायद्यानें घातलेली नाहीं. ती पुलांनीं घातलेली आहे!

मोठ्या ओझ्याच्या परवान्यांत कोणत्या रस्त्यानें जावयाचें हेंही नमूद असतें, आणि तो रस्ता आधीं पाहून येण्याची जबाबदारी वाहतूकदाराची असते. पुलाखालची उंची, पुलावरचें सोसणारें वजन, आडव्या तारा, झाडांच्या फांद्या, गांवांतील घरांचीं कोंपरीं, हें सर्व गाडी निघण्यापूर्वीं कागदावर आलेलें असतें. फ्रान्समध्यें चौकांच्या जागीं गोल वाटोळीं बांधण्याची फार हौस. अशीं वाटोळीं त्या देशांत हजारोंनीं आहेत. लांब गाडीला तीं म्हणजे जिन्याचें वळणच. म्हणून कांहीं ठिकाणीं वाटोळ्याच्या पोटांतूनच सरळ वाट काढून ठेविलेली असते, तर कांहीं ठिकाणीं तांड्यापुढें जाणारे लोक रस्त्यावरचे फलक उपटतात व मागून येणारे ते पुन्हां जागच्या जागीं रोवतात. फार लांब गाडीचीं मागचीं चाकेंही वळविण्याची सोय असते. अवघड वळणावर एक जण मागें चालत चालत तीं चाकें वळवितो आणि पुढें बसलेला चालक केवळ त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून गाडी हलवितो. पुढच्याला मागचें दिसत नाहीं व मागच्याला पुढचें. दोघांचें मनोमीलन नसेल तर एवढ्या मोठ्या यंत्राचा कांहीं उपयोग नाहीं.

या लोकांचा संसार कसा चालत असेल, असा प्रश्न आमच्या वाचक-भगिनींच्या मनांत आलाच असेल. युरोपांतील नियमाप्रमाणें साडेचार तास गाडी हांकल्यावर पाऊण तास विसांवा घ्यावाच लागतो. दिवसाचे नऊ तास, आणि आठवड्यांतून फार तर दोन वेळां दहा तास, यापलीकडे गाडी चालवितां येत नाहीं. आणि गाडींतील एक यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवीत असतें. त्यांतून असाधारण तांड्यांना शनिवारीं दुपारीं बारापासून सोमवारीं सकाळीं सहापर्यंत आणि सणावारीं रस्ता बंद. दाट धुकें किंवा बर्फ पडलें तरी थांबणें आलेंच. घर दीडशें कोसांवर असतां शनिवारचे बारा वाजले कीं गाडी कडेला लावावयाची आणि मुलांचा आवाज फोनवर ऐकावयाचा. आठवड्याची मुख्य विश्रांति गाडींतल्या बिछान्यावर घेण्यास फ्रान्सनें २०१४ सालीं कायद्यानें मनाई केली, ती याच हालांची दखल घेऊन. या वाटसरूंचा जुना आधार म्हणजे १९३४ पासून चालत आलेलीं 'रूतिए' नांवाचीं खाणावळींची केंद्रें. दारावर तांबड्या-निळ्या रंगाची गोल पाटी, आंत ठरल्या भावांत पोटभर जेवण, आणि शेजारच्या पंगतींत त्याच वाटेचा कोणी तरी भेटण्याचा भरंवसा.

इतका बंदोबस्त कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर फार दुःखद आहे. २३ सप्टेंबर १९८८ रोजीं आल्प्सच्या पायथ्याशीं व्हॉआरों गांवीं ट्रान्स्फॉर्मर नेणारी अशी एक अवजड गाडी रेल्वेच्या फाटकांत अडकली आणि ग्रेनोबलहून पॅरिसकडे निघालेली वेगवान आगगाडी तिच्यावर आदळली. आगगाडीचा चालक व एक प्रवासी मृत्युमुखीं पडले. एप्रिल २०२५ मध्यें उत्तर फ्रान्सांत असाच प्रसंग पुन्हां घडला. या वेळीं फाटकावरील गाडींत लष्करी सामान होतें, आणि पुन्हां प्राण गेला तो आगगाडीच्या चालकाचा. ज्याचें ओझें तो वांचला आणि ज्याचा त्या ओझ्याशीं कांहीं संबंध नाहीं असा, आपल्या वेळेवर आपल्या वाटेनें जाणारा मनुष्य मेला! आमच्या जिन्यांत गिलाव्यावर निभावलें, तेथें माणसावर बेततें. म्हणून मोजमाप, परवाना, पुढें धांवणारी पिवळी पाटी ही नुसती सरकारी कटकट नव्हे. ज्याच्या वाटेंत आपण ओझें आणलें, त्याला दिलेलें तें अभयवचन आहे.

या वचनाचें पालन किती नेमकें होऊं शकतें, याचा एक नमुना सांगतों. ए-३८० नांवाच्या जगांतील सर्वांत मोठ्या प्रवासी विमानाची जुळणी तुलूज येथें होई. पण त्याचे भाग जर्मनी, वेल्स, स्पेन व फ्रान्सचा पश्चिम किनारा येथें तयार होत. जहाजांनीं ते पोयाक बंदरास येत. तेथून तराफ्यांवर गारोन नदीनें लांगों गांवापर्यंत; वाटेंत बोर्दो येथील जुन्या दगडी पुलाच्या कमानीखालून जावयाचें, तेंही भरती-ओहोटीची वेळ साधून. पुढचे २४० किलोमीटर मात्र रस्त्यानें. २००४ पासून हे तांडे रात्रीं निघत. एका विमानाचे सहा भाग सहा गाड्यांवर असत: धडाचे तीन, दोन पंख आणि शेपटीचा आडवा भाग. तुलूजच्या अलीकडे लेव्हिन्याक हें लहानसें गांव लागतें. तेथील अरुंद रस्त्यानें विमानाचें धड माणसाच्या चालीनें, दोहों बाजूंच्या घरांच्या भिंतींपासून अगदीं हातभर अंतरावरून जात असे. आंत माणसें निजलेलीं आणि खिडकीबाहेरून विमान चाललेलें! जून २०२० मध्यें शेवटचा तांडा त्या रस्त्यानें गेला, तेव्हां गांवकरी रात्रीं निरोप द्यावयास रस्त्यावर जमले होते. सोळा वर्षें ज्यांनीं झोंपमोड सोसली तेच निरोपाला उभे राहतात, यांत आम्हांला त्या चालकांच्या कामाचें सर्वांत मोठें प्रशस्तिपत्र दिसतें. पुढें २०२१ अखेर त्या विमानांचें उत्पादनच थांबलें. पण म्हणून ती सचोटी वायां गेली असें आम्ही म्हणणार नाहीं.

या कामांत आपल्या देशाचाही वांटा आहे, हें सांगावयास आनंद वाटतो. सूर्याच्या पोटांत ज्या रीतीनें ऊर्जा निर्माण होते ती रीत पृथ्वीवर साधावी म्हणून भारतासह सात भागीदार मिळून प्रोव्हांसमधील कादाराश येथें 'ईटर' नांवाची प्रचंड भट्टी बांधीत आहेत. तिचें बाहेरचें पोलादी कवच, सुमारें ३,८५० टन वजनाचें, भारतानें दिलें. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीनें तें सुरतेजवळ हझिरा येथील कारखान्यांत ५४ तुकड्यांत घडविलें आणि समुद्रमार्गें फ्रान्सला धाडिलें. बेर नांवाच्या खाडीपासून कादाराशपर्यंत १०४ किलोमीटरांचा रस्ता या कामासाठीं खास सुधारून घेतलेला आहे. पण सुधारलेल्या रस्त्यावरही त्या लोकांनीं एकदम खरें ओझें घातलें नाहीं. सप्टेंबर २०१३ मध्यें ३५२ चाकांच्या गाडीवर काँक्रीटचे ठोकळे रचून, ८०० टनांचें खोटें ओझें त्यांनीं रात्रीच्या वेळीं सबंध वाटेनें फिरवून पाहिलें. पूल सोसतो कीं नाहीं याची खात्री झाल्यावरच खऱ्या सामानाची पाळी आली. ही भट्टी पूर्ण शक्तीनें पेटावयास २०२४ सालीं जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणें २०३९ उजाडेल.

आपल्याकडेही हें काम अगदींच अपरिचित नाहीं. जुलै २०१९ मध्यें नाशिकहून ७४ चाकांची एक मालमोटार सुमारें ७० टनांचें यंत्र घेऊन तिरुवनंतपुरम् येथील अवकाश-केंद्राकडे निघाली. अंतर सुमारें १७०० किलोमीटर. पोहोंचावयास लागलें एक वर्ष! तिच्याबरोबर तीसहून अधिक माणसांचा जथा होता. वाटेंत रस्ते नीट करावे लागले, तारा बाजूला कराव्या लागल्या, आणि मध्येंच टाळेबंदीनेंही तिला अडविलें. त्या वर्षांत त्या माणसांच्या घरीं किती सण त्यांच्यावांचून झाले असतील, हें वाचकांनींच मनांत आणावें.

आतां थोडें स्वतःकडे वळूं. आपल्या मोठ्या कुटुंबांतून प्रत्येकाला वाटत असतें कीं घरांतलें सर्वांत जड ओझें आपणच वाहतों. मिळवता म्हणतो मी, स्वयंपाकघर सांभाळणारी म्हणते मी, परीक्षेला बसलेला मुलगाही म्हणतो मी. तें खोटें असतें असें नव्हे. पण ओझें जड आहे एवढ्यावर आपण इतरांनीं कडेला व्हावें अशी अपेक्षा करतों. आधीं सूचना द्यावयाची, दुसऱ्याची गैरसोय मोजावयाची आणि तो थांबला तर हात वर करून त्याचे आभार मानावयाचे, हें मात्र राहून जातें. फ्रान्सच्या रस्त्यावरील तो अनोळखी चालक ही गोष्ट आमच्यापेक्षां चांगली जाणतो, हें कबूल करावयास आम्हांला लाज वाटत नाहीं.

भाच्याचें पत्र आम्हीं जेवणाच्या पंगतींत मोठ्यानें वाचून दाखविलें. दादा कांहीं बोलले नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते फीत घेऊन जिन्याच्या वळणावर बसलेले आढळले. तीं मापें त्यांनीं कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस लिहून ठेविलीं आहेत. भिंतीचा गिलावा मात्र दिवाळीपर्यंत तसाच राहूं द्या, असें वहिनींचें म्हणणें पडलें, आणि तें सर्वानुमतें मान्य झालें.