दिवसाला किती किलोमीटर?

गेल्या वर्षी भावोजींची बुऱ्हाणपूरहून भोपाळला बदली झाली. तुलसी नगरातल्या सरकारी क्वार्टरपाशी सामानाचा ट्रक आला तेव्हा मी तिथेच होतो. रात्रभर गाडी चालवून आलेला ड्रायव्हर मराठीच निघाला. चहा देताना सहज विचारले, "दिवसाला किती किलोमीटर होतात हो तुमचे?"

"भाडं असलं की मोजत नाही, साहेब," तो म्हणाला आणि सामान उतरताच परतीचे भाडे शोधायला निघालासुद्धा.

मी कारकून माणूस. माझा दिवस मस्टरवर मोजला जातो. ड्रायव्हरसाठीही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले होते. पण पैसे खेपेवर मिळत असतील तर तास मोजणार कोण?

हे गोवेकरांना वेगळे सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबण्यापूर्वी सावर्डे-कुडचड्याच्या रस्त्यांवर खनिजाचे ट्रक कसे धावत, ते आपण पाहिले आहे. जितक्या खेपा तितके पैसे. शिव्या मात्र आपण ड्रायव्हरला घातल्या. मीही घातल्या.

युरोपात ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते. गाडी किती तास चालली याची नोंद त्यात होते आणि साधारणपणे दिवसाला ९ तासांपलीकडे चालवता येत नाही. आपल्याकडेही तसे सक्तीचे व्हावे आणि मजुरी तासांवर मिळावी, असे माझे मत आहे. त्याने भाडे वाढेल, बेळगावची भाजी थोडी महागेल. मला चालेल. चोर्ला घाटात समोरून येणारा ड्रायव्हर जागा असावा, एवढ्यासाठी तेवढे पैसे मी देईन.