हजेरी सरकारनं घेतली, पुरावा हिनं आणायचा

‘आईबापांनी हौसेनं नेलं ना, मग भोगा आता.’ परवा सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर एकानं हे वाक्य टाकलं आणि माझी सकाळ नासली. विषय होता आमच्या फिरायच्या मंडळातल्या एका आजींच्या नातवाचा. तीन वर्षांचा असताना न्यू जर्सीला गेलेला पोरगा आता विशीत आहे. शाळा, दोस्त, सगळं तिकडंच. वडिलांचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय, आणि एकविसावं पूर्ण झालं की वडिलांच्या व्हिसाचा आधार सुटतो. ‘परत जा म्हणत्यात. पण पोरानं हितलं काय बघितलंय?’ आजींच्या या प्रश्नावर त्या गृहस्थांचं हे उत्तर!

कायद्याचं थोडक्यात सांगतो. लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना ओबामा सरकारनं 15 जून 2012 रोजी ‘डाका’ नावाचं संरक्षण जाहीर केलं. दोन-दोन वर्षांच्या मुदतीनं राहायची आणि काम करायची मुभा, नागरिकत्व नाही. आजींचा नातू त्यातही बसत नाही, कारण तो रीतसर व्हिसावर गेला. शाळेचा प्रश्न तिकडच्या सर्वोच्च न्यायालयानं 1982 सालीच सोडवलाय. कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेबाहेर ठेवता येत नाही. आपला 2009चा शिक्षण हक्क कायदाही वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू देत नाही. अडचण सुरू होते ती शाळा संपल्यावर.

आणि इथं मला अमेरिका सोडून आपल्याच सेटलमेंट वस्तीकडं वळावं लागतंय, कारण कागदावाचून अडणारी पोरं तिथंही आहेत. गेल्याच आठवड्यात एका कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभा होतो. शेजारच्या खिडकीशी सेटलमेंटमधली एक मुलगी आणि तिची आई. मुलगी बारावी झालेली, नर्सिंगला जायचंय, जातीचा दाखला हवाय. आईनं कापडी पिशवीतून एकेक कागद काढून फळीवर मांडला. शाळा सोडल्याचा दाखला, लाईट बिल, घडीवर फाटलेलं आणि चिकटपट्टीनं जोडलेलं रेशनकार्ड. आतून आवाज आला, ‘21 नोव्हेंबर 1961च्या आधीचा पुरावा आणा. आजोबांचा, पणजोबांचा.’

‘सायेब, माझ्या सासऱ्याला शाळेत कोण घेत होतं?’ बाई म्हणाली. पुढचा नंबर पुकारला गेला.

विमुक्त जातींसाठी हाच मानीव दिनांक आहे. त्या दिवसाआधी घराणं महाराष्ट्रात होतं, हे सिद्ध करायचं. सोलापूरकरांना तरी हे पटावं का? सेटलमेंट ही वस्ती सरकारनंच वसवली. 1871पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं, गिरण्यांत कामाला लावलं. जाण्यायेण्यावर बंधन, हजेरी चुकली की शिक्षा. मुंबई प्रांतात हा कायदा 1949 साली गेला, देशभर 31 ऑगस्ट 1952 रोजी; म्हणून या जमाती ‘विमुक्त’. ‘फ्री कॉलनी’ हे नाव आजही तिथल्या पत्त्यात आहे. कुंपणाआड जन्मलेल्या पोरानं कुठला गुन्हा केला होता?

ज्यांची नावं सरकारनं स्वतःच्या वहीत लिहिली, त्यांच्या पणतीला सरकारनंच विचारावं की तुझे पणजोबा इथं होते कशावरून? याचा मला मनापासून संताप येतो. ते हजेरीपट शोधायचं काम त्या बाईचं नव्हे, प्रशासनाचं आहे. कागद नसलेल्या घरांसाठी गृहचौकशीची वाट आहे, पण खिडकीवर तिला ती कुणी सांगितली नाही. मी सांगितली, तर तिनं विचारलं, ‘त्याचा अर्ज कुठं मिळतो?’ मलाही चार टेबलं फिरून तो मिळाला.

जिल्हा प्रशासनानं सेटलमेंटमध्येच दाखल्यांचं शिबिर लावावं, जुनी दफ्तरं उघडून सोबत न्यावीत. आणि वाचकहो, कुणाच्या घरी आजोबांचं गिरणीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, सेटलमेंटचा पास असेल तर रद्दीत घालू नका. त्या मुलीची आई सासऱ्याचा असाच एखादा कागद शोधत नात्यातली घरं पालथी घालतेय, आणि प्रवेशाची यादी पुढच्या आठवड्यात लागणार आहे.