दगड उचलला की मागणी हरवते

कुठल्याही बंदच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो कशाचा येतो? काचा फुटलेल्या एसटीचा. त्या बंदची मागणी काय होती, हे आठवडाभराने कुणाला सांगता येते? प्रश्न खरे आहेत, संतापही खरा आहे. म्हणूनच तो असा वाया जाताना पाहवत नाही.

१. एसटीत बसलेले असतात आपलेच लोक. तालुक्याच्या कॉलेजला निघालेली मुलगी, दवाखान्यात चाललेले म्हातारे जोडपे. काच फुटली की ते आंदोलनापासून तुटतात. तिकडे सरकारची सुटका होते, कारण त्या क्षणापासून चर्चा मागणीची राहत नाही, कायदा-सुव्यवस्थेची होते. पहिला दगड मारणारा आपल्याच मागणीवर पाणी सोडतो.

२. शांततेला दुबळेपणा म्हणणाऱ्यांनी महाड आठवावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली केला, महाड नगरपालिकेने 1924 साली त्याला दुजोरा दिला; तरी तिथले चवदार तळे त्यांना बंदच होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांसह हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. म्हणजे ठरावाने आधीच दिलेला हक्क त्यांनी फक्त बजावला. त्यानंतर लाठ्या घेतलेल्या जमावाने या सत्याग्रहींवर हल्ला केला. सत्याग्रहींत लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी जण होते. उलट वार करणे त्यांना अवघड नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने दिली. ऐन वेळी कोर्टाचा मनाई हुकूम आला. दहा हजारांच्या आसपास लोक जमलेले, आणि पाण्याला हात न लावता परतायचे! (मला स्वतःला पाणी पिण्याच्या दिवसापेक्षा हा परतण्याचा दिवस मोठा वाटतो.) पुढची दहा वर्षे लढाई कोर्टात चालली आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. एवढा संयम राखणाऱ्यांना दुबळे म्हणण्याची कुणाची छाती आहे?

३. हे जुन्या काळातच जमत होते, असेही नाही. मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेले शेतकरी आणि आदिवासी सुमारे 180 किलोमीटर चालत मुंबईला आले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण होऊ नये म्हणून दिवसभर चालून आलेली ही माणसे रात्रीच पुन्हा उठली आणि पहाटेच्या आत आझाद मैदानात पोचली. रस्त्याकडेला मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन उभे होते. त्यांची मागणी असलेले वनहक्काचे दावे म्हणजे काय हे शहराने त्या दिवशी कान देऊन ऐकले, ते त्या फोड आलेल्या पायांमुळे.

४. आकडेही हेच सांगतात. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी 1900 ते 2006 या काळातली जगभरची 323 मोठी आंदोलने तपासली. अहिंसक आंदोलनांपैकी निम्म्याहून अधिक यशस्वी ठरली, सशस्त्र आंदोलनांपैकी जेमतेम चौथा हिस्सा. कारण साधे आहे: दगडफेकीत आजी येत नाही, कडेवर मूल घेतलेली बाई येत नाही, मोर्चात दोघी येतात. आणि समोर उभा असलेला पोलीसही कुठल्यातरी गावचाच असतो; आजीवर लाठी उगारताना त्याचाही हात थबकतो. ज्या लढ्यात आजीला जागा नाही, तो लढा गावाचा नाही.

५. आता सरकारला विचारू. शांततेने येणाऱ्याला तुम्ही काय देता? शांततेला दार बंद ठेवले की काय होते, ते आठवा: नाशिकच्या काळाराम मंदिरातल्या प्रवेशासाठी 1930 पासून पाच वर्षे सत्याग्रह झाला. दार उघडले नाही. 1935 साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. नुकसान दार लावून बसलेल्यांचे झाले. 2018 च्या मोर्चाला लेखी आश्वासन मिळाले, तरी 2019 आणि 2023 मध्ये नाशिक जिल्ह्यातून माणसांना पुन्हा चालत निघावे लागले. चालणाऱ्याला तारीख आणि फोडणाऱ्याला तातडीची बैठक, असे होत राहिले तर उद्याच्या दगडाची शिकवणी मंत्रालयातच चालते, असे म्हणावे लागेल.

६. म्हणून दोन मागण्या, दोन्हीकडे. सरकारने मोर्चाला दिलेल्या प्रत्येक आश्वासनावर मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहावे, तो कागद तहसील कचेरीच्या फलकावर लावावा आणि मुदत संपली की विधिमंडळात हिशेब द्यावा. आंदोलनाच्या पुढाऱ्यांनी बंदची हाक देण्याआधी गावाला सांगावे: स्वयंसेवक किती, त्यांची तालीम झाली का, रुग्णवाहिकेला वाट कोण करून देणार, आणि गर्दीतल्या कुणी दगड उचललाच तर त्याचा हात कोण धरणार?